भरल्या पानावरून उठलेला माणूस

पहिल्या अंकातला सातवा प्रवेश. आत पंगत बसली आहे. राजा डंकन जेवतो आहे, मशाली आणि ताटं घेऊन नोकर रंगमंचावरून ये-जा करताहेत, आणि यजमान स्वतःच पानावरून उठून बाहेर आला आहे. पाहुणा जेवत असताना यजमानानं उठू नये, हे मराठी घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेर आल्यावर मॅकबेथ अठ्ठावीस ओळी स्वतःशी बोलतो आणि त्यांत खून का करू नये याची कारणं मोजतो. हा माझा राजा आहे. माझा नातलग आहे. आज रात्री माझ्या छपराखाली झोपणार आहे, म्हणजे मारेकरी आलाच तर दार लावून घेणं हे माझं काम. शिवाय माणूस सौम्य आहे, सत्तेचा माज त्यानं कधी केला नाही. तो गेला तर सगळा मुलूख रडेल. तागडीच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याला एकच गोष्ट सापडते, स्वतःची हाव, आणि ती आपल्याला तोंडघशी पाडणार हेही त्याला दिसतं. मग बायको त्याला शोधत बाहेर येते. आणखी पन्नासेक ओळींनी प्रवेश संपतो तेव्हा खून ठरलेला असतो.

शेक्सपिअरचं हे नाटक इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांमध्ये चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसमोर कित्येक पिढ्या ठेवलं जात आहे. अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांत कोणती पुस्तकं पूर्ण वाचली जातात याची पाहणी आर्थर ॲपलबी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी पाहिलेल्या सरकारी शाळांपैकी ८४ टक्क्यांत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होतं आणि ८१ टक्क्यांत ‘मॅकबेथ’. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला शेक्सपिअरचं एक संपूर्ण नाटक लागतं आणि त्यातही मोठा ओढा ‘मॅकबेथ’कडे असतो. आपल्याकडे आयएससीच्या २०२५ च्या बारावीसाठी हेच नाटक नेमलं गेलं. म्हणजे मुंबई-पुण्यातली काही मराठी मुलंही याच पंगतीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

शाळांनी ‘मॅकबेथ’ पसंत करण्यामागची कारणं साधी आहेत. ही शेक्सपिअरची सर्वांत आटोपशीर शोकांतिका. दोन हजारांहून थोड्याच जास्त ओळी, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या जेमतेम निम्म्या. उपकथानक जवळपास नाही. चेटकिणी आहेत, भूत आहे, लढाई आहे, आणि पहिल्या दोन अंकांतच राजाचा खून होऊन जातो. एवढ्यावर कुठलाही शिक्षक खूश होईल. पण नाटक नेमणं वेगळं आणि ते वर्गात घडणं वेगळं. दोनशे वर्षांत ते वर्गात नेण्याच्या ज्या रीती झाल्या त्या एकेक पाहिल्या, की मला सगळ्यांत जास्त एक गोष्ट खटकते. वर्ग जवळजवळ नेहमी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून बोलतो. दोषी कोण? चेटकिणी, बायको, की तो स्वतः? या प्रश्नावर लाखो निबंध लिहिले गेले असतील. आणि तो प्रश्न तर मॅकबेथनंच सातव्या प्रवेशात सोडवून ठेवलेला आहे. फिर्याद त्याचीच, कबुलीही त्याचीच. उरतो तो वेगळाच प्रश्न: चूक आहे हे पुरतं कळलेला माणूस ती करतो कशी, आणि केल्यानंतर त्याच्या आत काय होतं? कुणाला तरी चिडवायचं नाही हे माहीत असून चारचौघांत चिडवलेलं, किंवा आईशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बोललेलं प्रत्येक मूल या प्रश्नाच्या जवळ राहतं. शाळेनं त्याला तिथून उचलून कोर्टात नेऊन बसवलं.

मुलांपर्यंत हे नाटक पहिल्यांदा पोचलं ते गोष्ट होऊन. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांचं ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ १८०७ चं. त्यातल्या शोकांतिका चार्ल्सनं लिहिल्या, सुखांतिका मेरीनं. पुस्तक अजून खपतं आणि त्यातली भाषा नितळ आहे, पण गोष्ट झाली की स्वगत जातं. कारणं तेवढी निवेदक स्वतःच मोजून दाखवतो आणि अठ्ठावीस ओळी संपतात. याच चार्ल्स लॅमनं चार वर्षांनी, १८११ मध्ये, एक निबंध लिहून मांडलं की शेक्सपिअरच्या शोकांतिका रंगमंचासाठी नाहीतच, त्या एकट्यानं वाचाव्यात. गोष्टवाल्यानं नाटक मुलांच्या हातात दिलं आणि त्यातला नट काढून घेतला. वाचायचं की करायचं हा वर्गातला वाद तिथपासूनचा.

पुढे शालेय आवृत्त्या आल्या. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसची क्लार्क आणि राइट यांनी संपादित केलेली ‘मॅकबेथ’ची आवृत्ती १८६९ ची. नाटक कमी, टिपा जास्त. शब्दाची व्युत्पत्ती, जुनं व्याकरण, कोणती ओळ कोणाची असावी याचे तर्क. नंतर ए. डब्ल्यू. व्हेरिटी यांच्या आवृत्त्या हिंदुस्थानातल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. ही पंडिती परंपरा टाकाऊ म्हणावी असं मला वाटत नाही, कारण तिनं शब्दाजवळ थांबायला शिकवलं. मात्र ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ नावाचा जो प्रश्नप्रकार आपल्याही हाडीमाशी रुजला, त्याचं मूळ याच वाटेवर आहे. ओळ कोण, कोणाला, कधी म्हणालं ते लिहायचं आणि मग तिचा सरळ अर्थ. ती ओळ म्हणताना त्या माणसाचा घसा कोरडा पडला होता का, हे कुणी विचारत नाही.

टिपांमधली एक गोष्ट मात्र मी कुठल्याही वर्गात सोडणार नाही. शेक्सपिअरनं कथानक घेतलं ते होलिन्शेडच्या बखरीतून. तिची दुसरी आवृत्ती १५८७ ची. बखरीत बँको हा मॅकबेथचा मित्र खुनाच्या कटात सामील आहे. नाटकात तो निष्पाप आहे. का? १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला, शेक्सपिअरची मंडळी ‘राजाची मंडळी’ झाली, आणि जेम्सचं घराणं आपला उगम या बँकोपासून सांगत असे. राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवून चाललं नसतं. गंमत पुढेच आहे. बँकोला निर्दोष केल्यामुळे नाटकाला एक माणूस मिळाला, ज्यानं चेटकिणींची तीच भविष्यवाणी त्याच माळरानावर ऐकली आणि खून केला नाही. मोह त्यालाही होतो. रात्री झोपेत वाईट विचार येतात म्हणून तो देवाकडे मागणं मागतो. मॅकबेथला सिंहासन मिळाल्यावर त्याचा संशय पक्का होतो, तरी तो गप्प राहतो, कारण भविष्यवाणीत त्याच्याही वंशाचा वाटा आहे. दरबारी अडचणीतून एवढा सूक्ष्म माणूस जन्माला आला हे सोळा वर्षांच्या मुलाला दाखवलं, की ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ हा शब्द परीक्षेपुरता राहत नाही. उलट हल्ली इंग्लंडच्या उत्तरपत्रिकांसाठी पाठ करून घेतलं जाणारं वाक्य, की जेम्सला चेटकिणींची भीती होती आणि त्यानं १५९७ मध्ये ‘डेमोनॉलजी’ लिहिलं, ते खरं असलं तरी बहुतेक वेळा उत्तराच्या कडेला चिकटवलेलं असतं. त्यानं प्रवेशातलं काही हलत नाही.

शाळेनं या नाटकातून सर्वांत जास्त वेळा जो तुकडा कापला तो म्हणजे दारवान. डंकनचा खून झाला आहे. नवरा-बायकोचे हात रक्तानं भरलेत. त्याच क्षणी वाड्याच्या दारावर थाप पडते. पुन्हा पडते. पुन्हा. आणि दार उघडायला येतो तो तर्र झालेला दारवान, आपण नरकाच्या दारावर नोकरीला आहोत असं सोंग करत, एकेका पापी माणसाला आत घेत. त्याच्या बोलण्यात दारूचे आणि शरीराचे विनोद आहेत. बावड्लर यांनी १८१८ मध्ये ‘फॅमिली शेक्सपिअर’चा पूर्ण संच काढला तो घरात आई-मुलांसमोर वाचता येईल असा, म्हणजे असला मजकूर गाळूनच. शालेय आवृत्त्यांनीही तोच कित्ता गिरवला. दारवान अश्लील, शिवाय कथेला त्याची गरज काय?

याला उत्तर बावड्लरनंतर पाचच वर्षांनी मिळालेलं होतं. थॉमस डी क्विन्सी यांनी १८२३ मध्ये केवळ त्या दारावरच्या थापेवर एक छोटा निबंध लिहिला. लहानपणापासून त्या आवाजानं आपल्या अंगावर काटा येतो पण कारण सापडत नाही, अशी सुरुवात करून ते सांगतात की खुनाच्या वेळी जग बंद पडलेलं असतं. काळ थांबतो, दोन माणसं माणसांच्या जगाबाहेर गेलेली असतात. थाप पडते तेव्हा साधं जग पुन्हा सुरू होतं, आणि ते सुरू होतं म्हणूनच मधल्या त्या बंद काळाची भीती आपल्याला कळते. मी यात एवढंच घालेन की दारवान त्या साध्या जगाचा पहिला माणूस आहे. त्याला झोप येते आहे, डोकं जड आहे, लघवीला लागली आहे. वर प्रेत आहे आणि खाली माणसाचं शरीर आपल्या नेहमीच्या तक्रारी करतं आहे. दाराबाहेर ठोकत उभा असलेला मॅकडफ हाच शेवटी मॅकबेथला मारणार आहे, हे मुलांना शेवटच्या अंकात कळतं तेव्हा ती मागची पानं उघडून बघतात.

एकदा एका वर्गात हा भाग वाचून घेताना मी एका मुलाला दाराबाहेर उभं केलं आणि मजकुरात जिथे जिथे थाप आहे तिथे ठोकायला सांगितलं. आत दोन मुलं नवरा-बायकोचे संवाद म्हणत होती. पहिल्या दोन थापांना वर्ग हसला. तिसरीला मॅकबेथचं वाचणाऱ्या मुलाचं वाक्य मधेच तुटलं, त्यानं आपसूक हात पाठीमागे नेले. कुणी सांगितलं नव्हतं. वर्ग गप्प झाला, आणि दारवानाच्या पहिल्या वाक्याला पुन्हा हसला. पण हे हसू निराळं होतं, सुटका झाल्याचं. डी क्विन्सींचा निबंध मी त्यांना त्यानंतर सांगितला. आधी सांगितला असता तर त्याचा एक मुद्दा झाला असता.

अशा तऱ्हेनं उभं राहून नाटक शिकण्याची परंपरा बरीच जुनी आहे आणि ती लॅमच्या बाजूची नाही. केंब्रिजच्या पर्स स्कूलमधले शिक्षक काल्डवेल कुक यांचं ‘द प्ले वे’ १९१७ चं. ते लहान मुलांकडून शेक्सपिअर वर्गातच, अंगात कपडे चढवून करून घेत. अमेरिकेत ऑर्सन वेल्स नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं आपले जुने शिक्षक रॉजर हिल यांच्याबरोबर १९३४ मध्ये ‘एव्हरीबडीज शेक्सपिअर’ काढलं, शाळांसाठी. वेल्सनं स्वतः काढलेली रेखाटनं आणि रंगसूचना त्यात आहेत. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच वेल्सनं न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘मॅकबेथ’ उभं केलं, हैतीच्या पार्श्वभूमीवर. १९८६ मध्ये रेक्स गिब्सन यांनी केंब्रिजमध्ये ‘शेक्सपिअर अँड स्कूल्स’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून शालेय आवृत्त्यांची एक मालिका निघाली. या आवृत्त्यांत डाव्या पानावर टिपांबरोबर मुलांनी करून बघायच्या गोष्टी असतात. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाकडून पेगी ओब्रायन यांनी संपादित केलेल्या ‘शेक्सपिअर सेट फ्री’चा १९९३ मधला भाग ‘मॅकबेथ’सह तीन नाटकांचे धडे देतो. रॉयल शेक्सपिअर कंपनीनं २००८ मध्ये जाहीरनामाच काढला: उभं राहून करा, प्रत्यक्ष बघा, लवकर सुरुवात करा.

या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. तरी एक शंका मला राहतेच. कृती हीच कधी कधी नवी पळवाट होते. मुलं तीन वाक्यांवर पुतळे होऊन उभी राहतात, चेटकिणींची कढई रंगवतात, डंकनच्या खुनाची वर्तमानपत्रातली बातमी लिहितात, मॅकबेथवर खोटा खटला चालवतात. खटला तर फार लोकप्रिय. वर्ग दणाणून जातो आणि मूळ अठ्ठावीस ओळी कुणाच्याच तोंडून गेलेल्या नसतात. आणि खटला म्हणजे पुन्हा तीच न्यायाधीशाची खुर्ची, फक्त आता टोप घालून. करण्यासारखं सर्वांत अवघड, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी केलं जाणारं काम म्हणजे एका मुलानं ते स्वगत पूर्ण, मोठ्यानं, सावकाश म्हणणं आणि इतरांनी ते ऐकणं.

इथे परीक्षेचा विषय टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकापासून चौदाव्या वर्षी शेक्सपिअरची एक सक्तीची परीक्षा असे. तिच्यासाठी नाटकातले ठरावीक प्रवेश नेमलेले असत, आणि साहजिकच बऱ्याच वर्गांत तेवढेच प्रवेश घासूनपुसून शिकवले जात. २००८ मध्ये ती परीक्षा बंद झाली. पण २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या आणि २०१७ मध्ये पहिल्यांदा झालेल्या नव्या जीसीएसईत पुस्तक समोर ठेवता येत नाही. एक उतारा छापून दिलेला असतो. बाकी नाटक डोक्यात असावं लागतं. मग वर्गाच्या भिंतींवर अवतरणांच्या चिठ्ठ्या लागतात. चार-पाच शब्दांचे तुकडे, प्रत्येकाला एक ‘विषय’ जोडलेला: महत्त्वाकांक्षा, अपराधभाव, राजपद, निसर्गाचा भंग. मूल अशा पंचवीस-तीस चिठ्ठ्या पाठ करून जातं.

पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मनाचे श्लोक, अभंग, पाढे ज्यांच्या कानांत बसले त्यांना पाठांतर म्हणजे काय मिळतं हे माहीत आहे. ओळ आधी येऊन राहते, अर्थ पुढे कधी तरी, नको त्या दिवशी, भेटायला येतो. पण अभंग पुरा पाठ होतो. त्याचे चार शब्द इथून, तीन शब्द तिथून असं कुणी करत नाही. पंचवीस चिठ्ठ्यांऐवजी एक स्वगत पुरतं पाठ करून घेतलं तर वेळ तेवढाच जाईल. आणि स्वगतात विचार कुठे अडखळतो, कुठे एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्यावर चढतं, हे मुलाच्या श्वासाला कळेल. मॅकबेथचं मन त्या अडखळण्यात आहे. चिठ्ठीत त्यातलं काहीच येत नाही.

चिठ्ठीमागे एक मोठी, अधिक जुनी चूकही आहे. ‘महत्त्वाकांक्षा हा मॅकबेथचा घातक दोष’ हे वाक्य जगभरच्या गाइडांत सापडेल. त्याचा उगम ॲरिस्टॉटलच्या ‘हामार्तिया’ या शब्दात शोधला जातो. तो शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ नेम चुकणं असा आहे. स्वभावातला डाग असा अर्थ त्याला पुढच्या काळात चिकटला. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ च्या व्याख्यानांनंतर इंग्रजी वर्गात शोकांतिका म्हणजे व्यक्तिरेखेचा अभ्यास हे पक्कं झालं, आणि १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅकबेथला मुलं किती असा खोचक प्रश्न शीर्षकात घालून त्या रीतीवर हल्ला चढवला, तरी शाळा ब्रॅडलींपाशीच राहिल्या. मराठी समीक्षेत याच कल्पनेसाठी ‘प्रमाद’ हा शब्द वापरला गेला. मला तो ‘दोष’ या शब्दापेक्षा ग्रीकाच्या जवळ वाटतो. दोष माणसात असतो. प्रमाद माणसाकडून घडतो. दोष म्हटलं की मूल म्हणतं, माझ्यात तो नाही. प्रमाद म्हटलं की त्याला असं सुटता येत नाही.

भाषेच्या अडचणीबद्दल बोलताना शिक्षकांवर अन्याय होऊ नये. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी लंडनच्या मुलालाही परकी वाटते. नाशिकच्या मुलाला ती दुप्पट परकी. २००३ पासून ‘नो फिअर शेक्सपिअर’ या मालिकेनं डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर आजच्या इंग्रजीतलं भाषांतर दिलं, आणि मुलं अर्थातच उजवं पान वाचतात. मी त्याला बंदी घालणार नाही. पण उजव्या पानावर जे कधीच येत नाही ते आधी कानानं पोचवता येतं. मॅकबेथ आणि सरदार पाच ठोक्यांच्या ओळीत बोलतात. चेटकिणींची ओळ चार ठोक्यांची, आणि जोर पहिल्याच अक्षरावर. दारवान गद्यात बोलतो. आणि पाचव्या अंकात झोपेत चालणारी राणी, जी एरवी पद्यावर हुकमत गाजवत होती, तीही गद्यात येते, तुटक, हात चोळत. बाकावर टाळ्या वाजवत हे अर्ध्या तासात दाखवता येतं. ओवी आणि अभंग यांतला फरक कानानं ओळखणाऱ्या मुलांना तर फारच लवकर. राणीचं पद्य गेलं हे कळलेल्या मुलाला तिच्या ‘अपराधभावा’वर वेगळी टीप लागत नाही.

आपल्याकडचा इतिहास इथे कामाला येऊ शकतो, तो वर्गात येत नाही याचं वाईट वाटतं. मराठीनं शेक्सपिअरच्या शोकांतिका शाळेआधी रंगभूमीसाठी आणि वाचकासाठी आपल्याशा केल्या. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ‘ऑथेल्लो’ १८६७ चं, आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं, देवलांचं ‘झुंझारराव’ १८९० चं. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅकबेथ’वरून ‘मानाजीराव’ लिहिलं. वि. वा. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये आलं, आणि त्यात राणीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या. हिंदीत रघुवीर सहाय यांच्या अनुवादावर ब. व. कारंत यांनी १९७९ मध्ये यक्षगानाच्या बाजानं ‘बरनम वन’ केलं. आयएससीच्या वर्गात इंग्रजी ‘मॅकबेथ’ शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हातात ‘राजमुकुट’मधला तोच प्रवेश शेजारी ठेवला तर काय होईल? शिरवाडकरांना कुठे वाट काढावी लागली, कोणती प्रतिमा मराठीत उतरली आणि कोणती अडली, हे बघताना मूळ ओळ त्याला दुसऱ्यांदा आणि जास्त खोल कळेल. उजव्या पानावरच्या सपाट इंग्रजीपेक्षा हा शंभर पटींनी चांगला सोबती आहे. चित्रपटांनीही अशीच सोबत केली आहे: कुरोसावांचा १९५७ चा, पोलान्स्कींचा १९७१ चा, आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगात घडणारा २००३ चा ‘मकबूल’, ज्यात चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस आहेत. ते नाटक वाचून झाल्यावर बघावेत, आधी नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाची गोष्ट वेगळी. २०१९ च्या अकरावीच्या ‘युवकभारती’त नाटक हा साहित्यप्रकार आवर्जून ठेवलेला आहे आणि ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’, ‘सुंदर मी होणार’ यांतले उतारे आहेत. निवड चांगली आहे. ‘ध्यानीमनी’ तर मन हादरवणारं नाटक. पण उताऱ्यात शोकांतिका मावत नाही, कारण ती चढत जाणारी, मागे फिरण्याचे दरवाजे एकेक करून बंद होत जाणारी गोष्ट असते. मॅकबेथला परत फिरता येण्याचे क्षण मोजले तर चार-पाच आहेत. ते सलग पाहिल्याशिवाय सहाव्याची भीती कशी कळावी? ‘एकच प्याला’ किंवा ‘नटसम्राट’ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वर्गात वाचण्याची सोय आपल्या वेळापत्रकात असायला हवी. दहा-बारा तास लागतील. तेवढे देण्यासारखे आहेत.

चेटकिणींबद्दल एक. युरोपातल्या वर्गात त्या आता बहुधा ‘बाहेरच्या बायका’ म्हणून शिकवल्या जातात आणि ते योग्यच आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ च्या कायद्याखाली चेटूक केल्याच्या आरोपावरून असंख्य बायकांचा छळ झाला, अनेकींना मारलं गेलं. ८ मार्च २०२२ रोजी तिथल्या तत्कालीन प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण आणि खून झालेले आहेत, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा छळाचीही दखल घ्यावी लागली. महाराष्ट्रातल्या वर्गाला चेटकीण ही परीकथेतली बाई नाही. शिक्षकानं हा धागा हातात घ्यायचा धीर करावा. फक्त त्यातून पुन्हा खटला उभा करू नये. नाटकातल्या चेटकिणी मॅकबेथला खून करायला सांगत नाहीत. त्या एक शब्द टाकतात. पुढचं चित्र तो स्वतः रंगवतो, आणि आपण ते रंगवतोय याचीच त्याला भीती वाटते.

शेक्सपिअर वर्गात हवाच का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अमेरिकेत ‘डिसरप्ट टेक्स्ट्स’ या शिक्षिकांच्या चळवळीनं जोरात विचारला. ज्या मुलांचे पूर्वज गुलाम होते किंवा वसाहतीत होते त्यांच्यावर एकाच इंग्रज नाटककाराची सक्ती का, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपल्याला तर तो घरचाच आहे. माझं उत्तर एवढंच, की सक्ती नसावी, पण एक संपूर्ण शोकांतिका असावी. ती सोफोक्लिसची असो, गडकऱ्यांची असो की शेक्सपिअरची. ज्या मुलाच्या शाळेत ‘मॅकबेथ’ आलंच आहे त्याला ते पुरतं मिळावं.

आणि पुरतं म्हणजे शेवटच्या भाषणासकट. मॅकबेथचं मुंडकं घेऊन मॅकडफ येतो. डंकनचा मुलगा माल्कम आता राजा आहे. तो सरदारांना नवी पदं देतो, परागंदा झालेल्यांना परत बोलावतो, मेलेल्याला खाटीक आणि त्याच्या राणीला राक्षसीण म्हणतो आणि सगळ्यांना राज्याभिषेकाला स्कोनला बोलावतो. भाषण नीटनेटकं आहे. राजानं बोलावं तसंच. बहुतेक वर्गांत ते घाईनं वाचलं जातं, कारण तास संपत आलेला असतो. मी ते एका मुलीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग विचारलं, माल्कमनं मॅकबेथला स्वतःशी बोलताना किती वेळा ऐकलं? मुलांनी पानं चाळली. पंगतीबाहेरचं स्वगत, हवेत तरंगणारी कट्यार, बायको गेल्याची बातमी ऐकल्यावरचे ते थकलेले शब्द. माल्कमनं यातलं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. हे सगळं फक्त वर्गानं ऐकलं होतं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, मग सर, खाटीक हा शब्द चूक आहे का? दुसरा म्हणाला, चूक कसा, मॅकडफच्या पोरालाही मारवलंच की त्यानं. तेव्हा घंटा झाली होती, आणि कुणी उठलं नव्हतं.